क्लाइव्हची उंची

माझा धाकटा भाऊ क्लाइव्ह दिवसा इंग्लंडमधल्या विलनहॉल गावच्या कुलपांच्या कारखान्यात कामाला असे आणि संध्याकाळी 'सिल्व्हर स्टोट्स' या बँडमध्ये गात असे. १९७३च्या वसंतात त्यांना टीव्हीवर एक गाणं मिळालं. ते लोकांना आवडलं तर कारखाना कायमचा सुटणार होता. नाही आवडलं तर सोमवारपासून पुन्हा कुलपं.

त्या दिवसांत बँडमधला मान बुटांच्या तळव्यांच्या जाडीवर ठरे. गिटारवाला नेव्हिल मुळातच क्लाइव्हपेक्षा उंच. त्याने चार इंची तळवे लावले की क्लाइव्ह पाच इंची लावायचा, मग नेव्हिल सहा. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते, त्यामुळे हे मला बघवत नसे.

"क्लाइव्ह, तू पडशील," मी म्हटलं.

"डोरीन, तुला फॅशनमधलं काय कळतं? स्वतःचे बूट बघ. नर्सचे परवडले."

"यांवरून मी अजून पडलेली नाही."

"म्हणूनच तुझ्याकडे कुणी बघत नाही!"

"हलू नकोस रे मेल्या," त्याच्या गालांवर चमकी चिकटवणारी आई म्हणाली, "डोळ्यात जाईल."

स्टुडिओत ते कपडे बदलत असताना कळलं, की दोघंही गुपचूप एकाच चांभाराकडे जाऊन आले होते. "याहून उंच मी कुणालाच करून दिलेले नाहीत," असं त्याने दोघांनाही सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. दोघांचेही तळवे नऊ इंची. म्हणजे नेव्हिल पुन्हा उंच.

गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. यांनी फक्त ओठ हलवायचे. "काहीही झालं तरी ओठ थांबवू नका," असं निर्मात्याने बजावलं होतं. दुसऱ्या कडव्याला क्लाइव्हने नेव्हिलच्या वर जायला उडी मारली आणि तो आडवा झाला. त्याला उठवायला नेव्हिल वाकला आणि त्याच्यावरच कोसळला. गाणं चालूच होतं. खाली पडलेला क्लाइव्ह छताकडे बघत इमानदारीने ओठ हलवत राहिला.

शुक्रवारी रेकॉर्ड कंपनीच्या माणसाचा फोन आला. दुकानांतल्या रेकॉर्ड संपल्या होत्या. गावोगावी कार्यक्रम ठरत होते, पण एक अट होती.

"रोज पडायचं?" क्लाइव्ह ओरडला. "अहो, मी गायक आहे!"

"मग पडून गा," पलीकडून उत्तर आलं.

आईने त्याच्या चंदेरी विजारीत मागच्या बाजूला जुन्या रजईचा तुकडा शिवला. कारखान्याचा राजीनामा मात्र क्लाइव्हने फडताळावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिला, कारण त्याला अजून बसवत नव्हतं.