पुतळ्याचा वाढदिवस

बागेत बँडवाले आले, बिअरची पिंपं आली, सॉसेजचा धूर झाडांवर चढला, आणि ऐन वेळी हेडविगचे बाबाच गायला तयार नाहीत! आता काय म्हणावं या माणसाला? चार वर्षं खपून अमेरिकेतल्या लिंडेनबर्गच्या जर्मन गायक मंडळानं आपल्या लाडक्या लेखकाचा पुतळा उभा केला होता. आज शनिवारी चारला अनावरण, मग वाढदिवसाचं गाणं, आणि त्याची सुरुवात अँसेल्मबाबांच्या खर्जानं. उद्या ते मुलाकडे ॲरिझोनाला निघणार होते, कायमचे. मंडळ चालवणाऱ्या हेडविगला हा आवाज एकदा, शेवटचा, कान भरून ऐकायचा होता.

पण लेखकाचा वाढदिवस होता उद्या. महापौरांना सवड आजच, म्हणून सोहळा आज. आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देणं म्हणजे आफत ओढवून घेणं, हे या लोकांच्या हाडीमासी भिनलेलं. त्यात बाबांनी एकदा रात्रपाळीला निघताना, संध्याकाळी सहाला, बायकोला वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच शुभेच्छा दिल्या होत्या. सकाळी परतले तर ती देवाघरी गेलेली. तेव्हापासून तीस वर्षं ते स्वतःलाच बोल लावत होते.

मंडळींनी विनवलं. मेलेल्या लेखकाला आता आणखी काय होणार, म्हणून चेष्टाही केली. बाबा ढिम्म. घड्याळाकडे बघता बघता हेडविगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती तशीच महापौरांकडे धावली, हातापाया पडून कार्यक्रम तासभर पुढे ढकलला आणि धापा टाकत बाबांपाशी आली.

"बाबा, लेखक जन्मला जर्मनीत. मग वाढदिवस तिथल्या घड्याळानं धरायचा. इथे पाच वाजले की तिथे रात्रीचे बारा. म्हणजे उद्या लागलाच की."

बाबांनी बोटांवर तास मोजले, पुन्हा मोजले. मग म्हणाले, "वकील व्हायला हवी होतीस, कार्टे."

पाचच्या ठोक्याला कापड सरकलं आणि बाबांनी असा खर्ज लावला की लोकांचे पेले हातातच राहिले. सगळी बाग गाऊ लागली. हेडविगला आनंदानं रडूच फुटलं. टाळ्या थांबेनात, पण बाबांचं पुतळ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

"हेडी, तुझी आईही जर्मनीतच, ब्रेमेनला जन्मली. मी सहाला बोललो होतो गं. तिथे तेव्हा तिचा वाढदिवस लागला होता."