नवा वायरलेस कोणाच्या गाडीत?

कोणत्याही कार्यालयात नवी खुर्ची आली की ती कोणाच्या टेबलामागे जाते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ती साहेबांकडे जाते. साहेबांची जुनी खुर्ची उपसाहेबांकडे, त्यांची हेडक्लार्ककडे, आणि अशी एकेक पायरी उतरत, एक हात आणि दीड चाक गमावलेली खुर्ची शेवटी पहारेकऱ्याला मिळते. पहारेकरी बिचारा दिवसभर बसूनच असतो, म्हणजे खुर्चीची खरी गरज त्यालाच. पण गरज कोण विचारतो?

आमच्या गोष्टीतल्या छोट्या अग्निशमन केंद्रातही हीच रीत होती. माणसं चौदा, गाड्या तीन. एक बंब, एक पाण्याचा टँकर आणि एक साहेबांची जीप. तिथे पंखा आला, पांघरूण आलं, रेनकोट आला, तरी आधी साहेब आणि मग खाली. यात साहेब दुष्ट होते असं मुळीच नाही. माणूस मनाचा मोकळा आणि कामाला वाघ. केंद्रासाठी नवे वायरलेस सेट मिळावेत म्हणून त्यांनी सहा वर्षं अर्ज लिहिले होते. वरच्या कार्यालयातले लोक त्यांना जिन्यात पाहिलं की चहाला पळत.

आणि एके दिवशी सेट आले!

तीन खोकी होती. एक सेट नियंत्रण कक्षाच्या टेबलासाठी आणि दोन गाड्यांत बसवायचे. काळे, चकचकीत, वेटोळ्या वायरीला लटकलेला माईक, बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. सगळं केंद्र लग्नघर असल्यासारखं खोक्यांभोवती जमलं. नियंत्रण कक्षातल्या ताईंनी पहिली हाक दिली आणि समोरून बंबाच्या ड्रायव्हरचा आवाज असा स्वच्छ आला, की त्याला झालेली सर्दीसुद्धा ऐकू आली.

ताई म्हणजे केंद्रातल्या सर्वांत जुन्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, मग इथे. लोक त्यांना घाबरत नसत, पण त्यांच्यासमोर खोटं बोलत नसत.

"साहेब, दुसरा सेट टँकरमध्ये ना?" त्यांनी विचारलं.

"टँकरमध्ये?" साहेब हसले. "अहो ताई, पहिला बंबात, दुसरा जीपमध्ये. जीपमधला जुना काढून टँकरला देऊ. रीतच आहे आपली."

"तो जुना सेट थपडा मारल्याशिवाय बोलत नाही."

"मग टँकरवाल्या काकांचे हात काय मेंदी लावून ठेवलेत? मारतील थप्पड." सगळे हसले. साहेबांना चेव चढला. "आणि टँकरला बोलायचंय काय? बंबाच्या मागे जायचं, पाणी द्यायचं, परत यायचं. वरातीमागून घोडं!"

टँकरचे काका बाजूलाच उभे होते. पंचावन्न वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. तेही हसले. "भागवू की," म्हणाले. सगळ्या जन्मात त्यांनी हा एकच शब्द सर्वांत जास्त वापरला असेल. गळक्या रेनकोटवर भागवू, फाटक्या सीटवर भागवू. अशी माणसं असतात म्हणून इतरांचं फावतं, हे मात्र आपण कबूल केलं पाहिजे.

फक्त साहेबांची मुलगी हसली नाही. ती बंबावर फायरवुमन होती. वशिल्यानं नव्हे, परीक्षा देऊन, शिडी चढून, ऐंशी किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन पळून आलेली. केंद्रात ती बापाला साहेबच म्हणे. त्या दिवशीही तिनं एवढंच म्हटलं, "साहेब, आत पाईप धरून उभं राहिलं की मागचं पाणी कुठवर आलंय, हेच आधी मनात येतं."

"पाणी येतंच नेहमी," साहेब म्हणाले. आणि ते खरंही होतं. नेहमी येत होतंच.

पुढचे आठ-दहा दिवस साहेबांचे मोठे आनंदात गेले. जीप फाटकातून बाहेर पडली की "जीप बोलतेय, बाहेर पडतोय." चौकात आली की "जीप बोलतेय, चौकात आहे." घरी जेवायला गेले तर तेही कळवत. ताई दर वेळी "समजलं" म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "भाजी कोणती होती तेही कळवा, म्हणजे नोंद पूर्ण होईल." पण साहेबांच्या उत्साहापुढे हा टोमणा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिकडे टँकरमध्ये काका जुन्या सेटला थपडा मारत; मोबाईल त्यांनी कधी बाळगलाच नव्हता, त्याच्यावाचूनही भागवत. तीन शब्दांतला एक पोचायचा, तोही इंजिन बंद असेल तर. ताईंनी दोनदा लेखी कळवलं. साहेबांनी दोन्ही कागदांवर सही केली आणि ते फाइलला लावले.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली.

बंब दोन मिनिटांत निघाला. बंबात पाणी असतं जेमतेम आठ मिनिटांचं. ते संपायच्या आत टँकरनं येऊन पाणी जोडायचं, अशी सगळी मांडणी. कारखान्याच्या वाटेवरचा पूल टँकरचं वजन पेलत नसे, म्हणून टँकर नेहमी रेल्वे फाटकाकडून जाई. लांबचा रस्ता, पण तीन मिनिटांच्या फरकानं हमखास पोचायचा.

साहेब तेव्हा नगरपालिकेत सभेला होते. ते जीपकडे धावले आणि सेट लावला. सगळं कसं स्पष्ट ऐकू येत होतं! बंबाच्या ड्रायव्हरनं सांगितलं, की आग गोदामात आहे, माणसं सगळी बाहेर आली आहेत, दोघं जण पाईप घेऊन आत शिरलेत. त्या दोघांतली एक साहेबांची मुलगी होती.

मग बंबानं विचारलं, "ताई, टँकर कुठे? माझ्याकडे चार मिनिटांचं पाणी राहिलंय."

"टँकर, टँकर, कुठे आहात?" ताईंचा आवाज.

उत्तरादाखल खर्रर्र. त्यात मध्येच "...टका..." असं काहीतरी, आणि पुन्हा खर्रर्र.

"ताई, आता अडीच मिनिटं. पोरांना आत ठेवू की बाहेर काढू? आणखी थोडं मारलं तर आग आटोक्यात येईल. पण पाणी मध्येच तुटलं तर..." ड्रायव्हर म्हणाला.

"मला टँकरचं बोलणं कळत नाहीये," ताई म्हणाल्या. एरवी त्यांचा आवाज कधी कापत नसे.

साहेबांनी जीप आणखी जोरात हाकली. त्यांच्याजवळ केंद्रातला सर्वांत चांगला सेट होता. त्यावरून त्यांना स्वतःच्या मुलीवरचं संकट शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि जे एक वाक्य ऐकायला हवं होतं तेवढंच येत नव्हतं. कारण ते वाक्य ज्याच्याजवळ होतं त्याला बोलायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती. त्या दोन मिनिटांत साहेब जितके घाबरले, तितके तीस वर्षांत कुठल्या आगीत घाबरले नव्हते.

नगरपालिकेकडून कारखान्याकडे येणारी वाटही रेल्वे फाटकावरूनच होती; तिथे त्यांना टँकर दिसला. फाटक बंद. रुळांवर मालगाडी उभी, हलायचं नाव नाही. टँकरमध्ये काका एका हातानं सेटला बडवत होते आणि दुसऱ्या हातात माईक धरून, उभ्या जन्मात ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं ओरडत होते, "फाटकावर अडकलोय! ऐका कोणीतरी! पोरांना बाहेर काढा!"

साहेबांनी माईक उचलला. "जीप बोलतेय! टँकर फाटकावर अडकलाय, पाणी येत नाही. दोघांना बाहेर काढ, आत्ताच्या आत्ता!"

बंबाच्या ड्रायव्हरनं शिट्टी फुंकली. ठरलेली खूण होती, लांब तीन शिट्ट्या. दोघं पाईप टाकून बाहेर आले. त्यांनी रस्ता ओलांडला न ओलांडला तोच गोदामाचा पोटमाळा पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांसकट खाली आला.

बरोबर ते उभे होते तिथे!

पुढे मालगाडी हलली, टँकर पोचला आणि तासाभरात आग विझली. गोदाम गेलं, पण यंत्रं वाचली. कोणाला ओरखडाही आला नाही. साहेबांची मुलगी काजळी फासलेल्या तोंडानं रस्त्याच्या कडेला बसून पाणी पीत होती. साहेब तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"साहेब, हेल्मेट घाला. नियम आहे," ती म्हणाली आणि हसली. साहेबांनी मुकाट्यानं हेल्मेट घातलं. त्याखाली डोळे पुसता येतात, हा त्याचा आणखी एक उपयोग.

संध्याकाळी साहेब नियंत्रण कक्षात येऊन ताईंसमोरच्या स्टुलावर बसले.

"बोला ना ताई. काय बोलायचं ते बोला."

"मी काय बोलणार? मुलं सुखरूप आली, मला सगळं मिळालं."

"मी जीपमध्ये सेट ठेवला म्हणून निरोप तरी पोचला," साहेब हळूच म्हणाले. माणूस बुडतानाही काडी शोधतो.

"आज जीप फाटकावरून गेली म्हणून पोचला. उद्या तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलात तर?" ताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "साहेब, तुम्ही टँकरला वरातीमागचं घोडं म्हणालात. अहो, आगीच्या ठिकाणी मागून येणाऱ्याची खबरच पुढच्याला हवी असते. आपण स्वतः काय करतोय ते त्याला दिसतंच. तुम्ही सेट वाटताना पाहिलंत, कोण केवढा मोठा आहे. पाहायला हवं होतं, कोण गप्प राहिला तर कोणाचा जीव जाईल."

साहेब म्हणाले, "आम्ही पाच भाऊ. मी चौथा. शाळेचा शर्ट तीन भावांच्या अंगावरून माझ्याकडे यायचा. कॉलर उलटी करून शिवलेली असायची. नोकरी लागली तेव्हा ठरवलं, आता नवीन आलं की पहिलं माझं. त्या हट्टाचीच पुढे रीत झाली, कधी झाली ते कळलंच नाही."

"मग तुम्हाला तर सर्वांच्या आधी कळायला हवं होतं, शेवटच्याच्या वाट्याला काय येतं ते," ताई म्हणाल्या. रागानं नव्हे, आईनं म्हणावं तसं.

ते वाक्य साहेबांच्या काळजाला लागलं. ते उठले, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि स्वतः जीपमध्ये वाकून सेट काढायला बसले. मेकॅनिक धावत आला तर त्याला म्हणाले, "राहू दे. मी बसवला होता, मीच काढतो." अर्ध्या तासात तो सेट टँकरमध्ये बसला.

"काका, बोला आता," साहेब म्हणाले.

काकांनी माईक हातात घेतला. सगळे खिडकीशी जमले. काका घसा खाकरून म्हणाले, "ताई, टँकर बोलतोय. येतंय का ऐकू?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं," ताई म्हणाल्या आणि सगळ्या केंद्रानं टाळ्या वाजवल्या.

आणि गंमत पाहा, जन्मभर "भागवू" यापलीकडे न बोललेले काका त्या दिवसापासून असे बोलू लागले की थांबेनात! "टँकर बोलतोय, डावीकडे वळलो. कुत्रं आडवं आलंय, थांबलो. कुत्रं गेलं." साहेबांची भाजी परवडली असं ताईंना वाटलं असेल, पण त्यांनी एकदाही काकांना गप्प केलं नाही. साहेब जीपमध्ये आता साधा मोबाईल फोन वापरतात. त्यांचं काही अडलं नाही.

रीतही बदलली. पुढच्या महिन्यात रेनकोट आले, तेव्हा साहेबांनी आधी विचारलं, "पावसात सर्वांत जास्त वेळ कोण उभं असतं?" पहारेकरी लाजत पुढे आला. नवी खुर्ची ताईंना मिळाली. त्या म्हणाल्या, दोन वर्षांसाठी कशाला? तर साहेब म्हणाले, "रोज बारा तास बसता त्या दोन वर्षांसाठी."

मग एका सकाळी सुतारांच्या वसाहतीत आग लागली. सहा कारखाने भिंतीला भिंत लावून उभे. पहिला पेटलेला, आणि दुसऱ्यात लाकूड छतापर्यंत भरलेलं. साहेबांची मुलगी आणि तिचा जोडीदार मधल्या भिंतीशी पाईप धरून उभे होते. बंबातलं पाणी संपत आलं होतं. तेवढ्यात सेटवर आवाज आला, "टँकर बोलतोय. वळणावर आहे, एक मिनिटात पोचतो. धरून ठेवा, पोरांनो, पाणी येतंय."

बंबाच्या ड्रायव्हरनं आत ओरडून सांगितलं आणि ती दोघं जागची हलली नाहीत. एका मिनिटात पाणी जोडलं गेलं. पाच कारखाने वाचले. त्या पाच घरांच्या चुली त्या एका वाक्यानं वाचवल्या.

वाचकहो, तुमच्या-माझ्या घरी वायरलेस नसतो, पण मोबाईल असतो. नवा फोन येतो तो कमावत्याला, आणि चार्जिंग न टिकणारा, पडदा तडकलेला जुना फोन जातो दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या आजीकडे. पडली-झडली तर हाक तिलाच मारायची आहे ना? मान मोठ्यांना जरूर द्यावा. नमस्कार करावा, पुढे बसवावं. पण वस्तू मानानं वाटू नये, गरजेनं वाटावी. म्हणून उद्या तुमच्या घरात किंवा कार्यालयात काही नवं आलं, तर खोकं उघडण्याआधी एवढंच विचारा, की याच्यावाचून सर्वांत जास्त कोणाचं अडतंय? तो माणूस बहुधा मागे उभा असेल आणि "भागवू की" म्हणत असेल. त्याचं ऐकू नका. वस्तू त्याच्या हातात द्या.