हिंगणीच्या वावरातला मुक्काम

अनुप आणि मोनालीकडे रजा शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी काम बरोबर घेऊनच फिरायला जायचं ठरवलं. दोघंही पुण्यात घरून काम करायचे. अनुप एका कंपनीसाठी नकाशांतल्या रस्त्यांची माहिती दुरुस्त करायचा. मोनाली डॉक्टरांची वेळ ठरवून देणाऱ्या एका मोबाइल ॲपची तपासणी करायची, म्हणजे लोकांच्या हातात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायची. दिवसभर तो हॉलमध्ये असायचा आणि ती बेडरूमचं दार लावून आत. लग्नाला तीन वर्षं झाली तरी एकमेकांचं काम नेमकं काय असतं, हे दोघांना वरवरच माहीत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी नागपूरच्या योगेंद्र नावाच्या माणसाकडून आठ दिवसांसाठी कॅम्पर व्हॅन घेतली. ट्रॅव्हलर गाडीतच मागे पलंग, बाजूला छोटा ओटा आणि खिडकीशी एक घडीचं टेबल बसवलेलं होतं. वर्धा जिल्हा अनुपने निवडला. त्याचे वडील पुलगावला नोकरीत होते, आणि चौथीपर्यंत तो शेजारच्या नाचणगावात वाढला होता. मोनाली नाशिकची. ती नागपूरच्या या बाजूला कधी आलीच नव्हती.

शनिवारी ते केळझरला टेकडीवरच्या गणपतीला जाऊन आले. रविवारी नाचणगावात अनुप आपलं जुनं घर शोधत फिरला. घर काही सापडलं नाही, पण तिघाचौघांना पत्ता विचारताना त्याच्या तोंडून ‘मले’ आणि ‘तुमाले’ आपोआप निघायला लागलं. मोनाली हसू दाबत मागून चालत राहिली. या माणसाकडे आणखी एक भाषा आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

सोमवारपासून काम होतं. सकाळपासून ते रेंज शोधत हिंडले आणि हिंगणीच्या पुढे एका वावरापाशी फोनला दोन कांड्या आल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नत्थूजी नावाचे म्हातारे शेतकरी बसले होते. गाडी इथे दोन दिवस उभी केली तर चालेल का, असं अनुपने विचारलं. नत्थूजींनी तुरीच्या ओळीमागची मोकळी जागा दाखवली आणि पाण्यासाठी विहिरीवर येत जा म्हणाले.

टेबल एकच असल्यामुळे दुपारपर्यंत मोनाली आणि नंतर अनुप अशी पाळी ठरली. दोन कांड्यांची रेंज मधूनच जायची. मंगळवारी काम करताना मोनालीला एक विचित्र गोष्ट दिसली. वेळ ठरवताना मध्येच नेट गेलं, तर ॲप ‘तुमची वेळ ठरली आहे’ असं दाखवायचं, आणि डॉक्टरांच्या यादीत मात्र नावच नसायचं. तिने पुन्हा करून पाहिलं. चार वेळा तसंच झालं. पुण्याच्या घरात नेट कधी जायचंच नाही, म्हणून इतके महिने ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने सगळं लिहून ऑफिसला पाठवलं. संध्याकाळी दोघं बोर धरणावर गेले आणि अंधार पडता पडता परत येऊन गाडी त्याच जागी लावली.

बुधवारी सकाळी मोनालीला जाग आली तेव्हा ती घरंगळत जाऊन गाडीच्या पत्र्याला टेकली होती आणि अनुप तिच्या अंगावर आला होता. पलंगच कलला होता. अनुपने दार उघडून पाय खाली टाकला तो घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेला. मागचं डावं चाक अर्धंअधिक रुतलं होतं.

थोड्या वेळाने हातात फावडं घेतलेली एक बाई तुरीतून बाहेर आली. ती नत्थूजींची बायको, लीलाबाई. गाडी पाहून ती जागीच थांबली. आदल्या संध्याकाळी ही दोघं धरणाकडे गेली असताना तिने पाण्याचा पाइप या बाजूला ओढून ठेवला होता. या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती, आणि वीज आली की मोटार आपोआप चालू व्हायची. इथे कोणी मुक्कामाला आहे, हे नत्थूजींनी तिला सांगितलंच नव्हतं.

“यायनं मले एका शब्दानं सांगतलं नाई,” ती म्हणाली. “दोन दिस झाले, काऊन सांगतलं नाई?” मग चाकाकडे बघून, “आता हे शुक्रवारलोग नाई निंघत. माती वाळू द्या लागते. ट्रॅक्टर आणला तं तोही फसन.”

तोवर नत्थूजीही आले. बायकोचं सगळं बोलणं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि चहा आणायला घरी गेले.

अकरा वाजता मोनालीची मीटिंग होती. ॲपची नवी आवृत्ती शुक्रवारी लोकांना द्यायची की नाही, हे तिथे ठरणार होतं. टेबलावर लॅपटॉप राहीना, म्हणून ती खालीच बसली, पाठ पत्र्याला टेकवून आणि पाय ओट्याला अडवून. हेडफोन सापडेना, म्हणून आवाज तसाच मोठा ठेवला. दाराच्या पायरीवर लीलाबाई चिखलाचे पाय काडीने साफ करत बसली होती. अनुप बाहेर चाकाखाली दगड घालत होता. सगळं त्याला ऐकू येत होतं.

विवेक, तिचा वरिष्ठ, म्हणाला की चूक खरी आहे, पण असं नेट कितीशा लोकांकडे असतं? नंतर दुरुस्त करू. बाकीच्या सातही जणांनी होकार दिला.

मोनालीने सगळ्यांचं बोलणं संपू दिलं. मग ती शांतपणे म्हणाली, “सर, मी आत्ता वर्ध्याजवळ एका शेतात आहे. इथे काल चार वेळा असं झालं. इथलं कोणी आजारी माणूस घेऊन दोन तास प्रवास करून जाईल, आणि तिथे त्याला सांगतील की तुमचं नावच नाही. हे दुरुस्त होईपर्यंत मी मंजुरी देणार नाही.”

विवेकने दुसऱ्या बाजूने विचारून पाहिलं. तिने तेच उत्तर दिलं, आवाज न चढवता. शेवटी आवृत्ती दोन आठवडे पुढे ढकलायचं ठरलं.

अनुप हातात दगड घेऊन तसाच उभा होता. घरात काय आणायचं आणि कुठे जायचं हे बहुतेक वेळा तोच ठरवायचा, आणि मोनाली ‘चालेल’ म्हणायची. आठ जणांना एकटी नाही म्हणणारी मोनाली त्याने कधी पाहिली नव्हती.

जेवताना त्याने तिला तसं सांगितलं. “तू अशी बोलतेस, हे मला माहीतच नव्हतं.”

“रोज थोडीच बोलते,” ती म्हणाली. “पण तू कधी विचारलंस?”

“तू दार लावून घेतेस ना.”

“तू फोनवर ओरडतोस म्हणून लावते.”

अनुपला हसू आलं. आपण ओरडतो हे त्याला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

ठरवलेली बाकीची ठिकाणं राहून गेली. शुक्रवारपर्यंत ती दोघं वावरातच होती. नत्थूजींनी विहिरीजवळच्या चिंचेखाली खाट आणून टाकली. त्यामुळे टेबलाची पाळी संपली आणि दोघं शेजारी शेजारी बसून काम करू लागली. दुपारी मोनाली लीलाबाईबरोबर कापूस वेचायला जायची. तासाभरात तिची ओटी अर्धीही भरायची नाही आणि बोटं मात्र ओरबाडून निघायची. लीलाबाईने तिच्या कामाची नीट चौकशी केली. ‘दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून दाखवायच्या’ हे ऐकल्यावर, यासाठी पगार मिळतो का, असं तिने दोनदा विचारून घेतलं. संध्याकाळी मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा असायच्या. नत्थूजी अनुपला जवळ बसवून त्याच्या नकाशातल्या पांदणी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटा, तपासायचे. त्यांनी सात चुका काढल्या. अनुपने त्या सातही दुरुस्त केल्या.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारचा तानबा ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधला, आणि तिसऱ्या ओढीला गाडी वर आली.

शनिवारी निघताना लीलाबाई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती. तिची बहीण आर्वीला होती आणि दोन वर्षांत भेट झाली नव्हती. आर्वीकडून जाता का, असं तिने विचारलं. पुढच्या सीटवर बसायला तिने नकार दिला.

“मले त्या पलंगावर झोपून जायचं हाय,” ती म्हणाली. “चालत्या गाडीत मी कधी झोपली नाई.”

गाडी पांदणीतून डांबरी रस्त्याला लागायच्या आतच तिला झोप लागली. खरांगण्याजवळ महाकाळी धरणावर अनुपने गाडी थांबवली आणि हळूच हाक मारली, पण ती जागी झाली नाही. मग दोघंच उतरली. दगडांवर बसून त्यांनी पाण्यावरच्या बदकांकडे पाहिलं, अर्ध्या तासाने दोघं परत आली, आणि तिच्या अंगावर चादर घालून पुढे निघाली.

आर्वीच्या बस डेपोपाशी लीलाबाई उठून बसली, खिडकीतून गाव ओळखलं आणि केस सारखे केले. बहिणीच्या दारात मोनालीने पिशवी उतरवून दिली. वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ल्याशिवाय बहिणीने त्यांना जाऊ दिलं नाही.

दुपारी अनुप आणि मोनाली कारंजाच्या रस्त्याने नागपूरकडे निघाली. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा होत्या. त्या दोन आठवड्यांत नेमकं काय दुरुस्त करतील, असं अनुपने विचारलं. मोनाली सांगू लागली. त्याला मध्येच एक गोष्ट कळली नाही, म्हणून तिने ती पहिल्यापासून पुन्हा सांगितली.