आपल्या राज्यात जिल्हे किती?

परळच्या त्या चाळीत सुंदराबाईला सुंदराबाई म्हणणारं एक माणूस नव्हतं. शेजारची चंपा तिला जगूची आई म्हणायची, मिलच्या वाइंडिंग खात्यात ती गावडेबाई, आणि नवरा दत्ताराम तर चौदा वर्षं नुसत्या 'अगो'वर भागवत आला होता. यात कुणाचं चुकत होतं असंही नाही, रीतच होती ती. पण रीत आहे म्हणून माणसाला काही वाटू नये, असं थोडंच असतं?

वाटायला लागलं ते नाना कोचरेकरांच्या फळ्यामुळं. नाना शिवडीच्या एका गोदामात कारकून. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात महिनाभर तुरुंगात जाऊन आले आणि बाहेर आले ते चिडूनच. चाळीतली पोरं बेळगाव-कारवार-निपाणी-बिदर-भालकी म्हणून घसा फोडतात, आणि भालकी कुठंय विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात! "अरे, मागताय काय ते तरी माहीत असू दे!" म्हणत नानांनी सत्तावन्न सालापासून जिन्याखालच्या फळ्यावर दर शनिवारी सामान्यज्ञानाचे दहा प्रश्न लिहायला घेतले. उत्तरांची चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकायची. रविवारी संध्याकाळी पाचला नाना सगळ्यांदेखत डबा उघडायचे. दहाच्या दहा बरोबर आले की त्याचं नाव आठवडाभर फळ्यावर. बक्षीसबिक्षीस काही नाही.

सुंदराबाई साक्षरता वर्गात लिहायला शिकलेली. तेव्हापासून पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. तीन वर्षं ती चिठ्ठ्या टाकत होती आणि तीन वर्षं तिची गाडी आठ-नवावर अडत होती. त्यात चिठ्ठीवर लिहायचा तो खोलीचा नंबर. त्यामुळं नाना ओरडायचे, "सत्तावीस नंबर, दत्ताराम, नऊ! शाबास!" आणि पेपरात कुस्त्यांच्या बातम्यांपलीकडे काही न वाचणारा दत्ताराम ओशाळं हसायचा. खरं सांगून टाकतो म्हणाला, की ही त्याला दटावायची, "नवाला कसलं नाव सांगता? दहा येऊ देत, मग सांगा." पण दहा आले की फळ्यावर आपलंच नाव हवं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

साठ सालचा तीस एप्रिल शनिवारी आला. फळ्यावरचा दहावा प्रश्न होता: आपल्या राज्यात जिल्हे किती? हा तर अगदीच सोपा. गुजरात-महाराष्ट्र एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे त्रेचाळीस, त्यातले सतरा गुजरातचे, हे नानांनीच चाळीला घोकून घोकून पाठ करून दिलेलं. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्य येणार, सगळी गडबड, म्हणून चाळीनं शनिवारीच चिठ्ठ्या टाकून हात झटकले. सुंदराबाईनंही त्रेचाळीस लिहिलं, पण पाळीला जायच्या घाईत चिठ्ठी टाकायची राहून गेली.

रविवारी ती चिठ्ठी घेऊन निघाली, तर चाळीत तोरणं, रांगोळ्या, खाली लेझीम. चंपानं तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "आजपासून आपलं राज्य, जगूच्या आई!"

पेढा तोंडात तसाच राहिला. आजपासून! मग गुजरातचे सतरा गेले की!

ती तडक खोलीत परतली आणि पेपरातल्या नकाशावर बोट ठेवून मोजायला बसली.

"अगो, चाय?" दत्तारामनं विचारलं.

"थांबा हो जरा! मी आता अमरावतीत आसंय."

दोनदा मोजले. सव्वीस. पण नानांनी प्रश्न काल लिहिलेला, त्यांच्या कागदावर त्रेचाळीसच असणार. बाकीच्या नवांची या वेळी तिला खात्री होती. त्रेचाळीस ठेवलं तर नाव फळ्यावर लागल्यात जमा. पण खोटं उत्तर लिहून लागलेलं नाव काय चाटायचंय? तिनं त्रेचाळीसवर काट मारली, सव्वीस लिहिलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

पाचला डबा उघडला. नानांचा घसा घोषणा देऊन पार बसलेला. कृष्णा नदी कुठल्या समुद्राला मिळते, या प्रश्नावर सगळी चाळ अरबी समुद्रात बुडाली होती. शेवटी सत्तावीस नंबरची चिठ्ठी आली.

"बंगालचा उपसागर, बरोबर! नऊ झाले. दहावं... सव्वीस?" नानांनी लाल पेन्सिल उचलली. "काय हे दत्ताराम! शेंबडं पोरही सांगेल, त्रेचाळीस!"

"नाना," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. सुंदराबाईचा. तिला स्वतःलाच तो ओळखू येईना. "आज तारीख काय?"

"एक मे."

"मग गुजरातचे सतरा अजून आपल्यातच धरायचे काय?"

नाना पेन्सिलीकडे बघत राहिले. ज्याच्यासाठी तुरुंगात गेले, ते मिळालं त्याच दिवशी हा गृहस्थ जुनाच हिशेब मांडून बसला होता!

"चुकलो!" नानांनी कपाळावर हात मारला. "अरे, चुकलो रे मी!" आणि म्हातारा चक्क नाचायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बसक्या गळ्यानं सगळ्यांना सांगतोय, मी चुकलो! मग नाक पुसून म्हणाले, "बेळगाव राहिलंय अजून. पण आज सव्वीस!"

ते खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि 'द' काढणार, तोच दत्तारामनं त्यांचा हात धरला. "नाना, माका त्यातला काय म्हायत नाय. ह्या सगळा तिनाच लिवल्यान."

"वहिनींनी?" नानांनी मनातला जुना हिशेब पुन्हा एकदा पुसला. "मग नाव काय वहिनींचं?"

नानांनी चंपाकडे पाहिलं, चंपानं दुसरीकडे. अकरा वर्षांचा शेजार, पण नाव कुणाला ठाऊक? सुंदराबाई पुढं आली, खडू घेतला आणि ठसठशीत लिहिलं: सुंदराबाई गावडे.

"आता पुकारायला हवं," नाना कसेबसे म्हणाले. "माझा आवाज गेलाय. दत्ताराम, तूच पुकार."

दत्तारामचा चेहरा बघण्यासारखा झाला. लग्नात घास भरवताना काय ते बायकोचं नाव घेतलेलं. त्यानं दोनदा घसा खाकरला, सगळी चाळ आपल्याकडेच बघतेय हे बघितलं आणि मिलमधल्या मागांच्या खडखडाटात ओरडायची सवय असलेल्या आवाजात एकदाचं ओरडला, "सुंदराबाई गावडे! दहाच्या दहा!"

टाळ्या कडाडल्या. नाव वाचायला मिळावं एवढंच तिला हवं होतं. ते ऐकायला असं लागेल याची तिला कल्पनाच नव्हती. रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याला चारचौघांत हुकूम सोडला.

"तिसऱ्या माळ्याला ऐकू गेलं नाही हो. पुन्हा एकदा म्हणा."