पेटीला लावलेला कान

“हलव,” बाबा म्हणाले.

तिने हातमोजे काढून एप्रनच्या खिशात खुपसले आणि पेटी दोन्ही बाजूंनी धरून हलवली. पलीकडे बाबांनी फळीला कान लावला होता. डोळे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात दोन खिळे.

“जोरात हलव की गं. सकाळी खाल्लं नाहीस का काही?”

तिने जोरात हलवली. आत कुठेतरी खोल, काचेला काच टेकली. थिण्ण.

बाबांनी डोळे उघडले. “गप आहे अगदी. निजलेल्या लेकरासारखी. आण झाकण.”

तिला वाटलं, आपल्यालाच भास झाला. तिने पुन्हा एकदा हलवून पाहिली. थिण्ण. बाबांचा कान त्या आवाजापासून वीतभरही लांब नव्हता, आणि बाबा हातोडी शोधत होते.

“थांबा बाबा! माझा हातमोजा पडला वाटतं आत.”

“आत्ता? झाकण लावताना?” बाबांनी खिळे तोंडातून काढले. “पोर झाल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर नाही बघ. उद्या पोरीलाच भरशील पेटीत आणि पाठवशील परदेशी.”

ती हसली. कोपरापर्यंत हात आत घालून तिने सुटी झालेली हंडी चाचपून शोधली, भोवती मूठ मूठ कागदी कीस दाबला, आणि “सापडला” म्हणत हात बाहेर काढला. बाबांनी झाकण ठोकलं. प्रत्येक खिळा दोन घावांत. हात अजून तसाच होता.

त्या कारखान्यात दिव्यांच्या काचेच्या हंड्या बनत. फुंकणारे, रंग देणारे पुढच्या अंगाला. मागे गोदाम, आणि गोदामात बाबांचं राज्य. ती लहान होती तेव्हाही बाबा असेच पेटीला कान लावून बसायचे. “काच फुटायच्या आधी बोलते,” ते सांगायचे. “आपण ऐकायचं, एवढंच काम.” आई गेली, ती मोठी झाली, तिचं लग्न झालं. नवऱ्याची नोकरी दूरगावी, म्हणून ती बाबांजवळच राहिली आणि याच गोदामाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी माल पाठवण्याचं काम बघू लागली. टेबलाखाली, पायाशी, एका पेटीत तिची सात महिन्यांची लेक निजे. पेटी बाबांनीच केलेली, खाली दोन कमानदार पट्ट्या ठोकलेली, म्हणजे जरा ढकलली की झुले. बाजूच्या फळीवर सवयीने बाबांनी बाण उमटवला होता आणि त्याखाली छापलं होतं: ही बाजू वर. “तुझा काही नेम नाही,” ते म्हणाले होते.

परदेशच्या मागण्यांचं गणित साधं होतं. दहा-बारा हंड्या असल्या तर पुठ्ठ्याची खोकी, फोमचे साचे, आणि विमानाने पार्सल. ते थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातं. शंभर असल्या तर लाकडी पेट्या, जहाज, महिनाभर समुद्र. मग गिऱ्हाइकाने बंदरावर जाऊन माल सोडवायचा. अडचण मधल्यांची. चाळीस-पन्नास हंड्या पार्सलने परवडतातही आणि नाहीतही, जहाजाने जातातही आणि रखडतातही. मधल्या मागण्या तिने ठरवायच्या होत्या, आणि ती त्या जहाजावर टाकत असे. जहाज म्हणजे पेटी. पेटी म्हणजे बाबा.

दुपारी मालकांनी तिला आत बोलावलं. समोर मोबाइलवर फोटो होता: उघडलेली पेटी आणि आत तीन हंड्यांचा चुरा.

“गेल्या महिन्याची खेप,” मालक म्हणाले. “माणूस चिडलेला नाही, भला आहे. चाळीस हंड्यांची नवी मागणीही दिलीये. पण विचारतो, या वेळी कशाने पाठवणार?” त्यांनी फोटो मोठा केला. “बंदरावर आपटली असेल का गं? का भरतानाच काही? तुझे बाबा तर कान लावून बघतात ना?”

फोटोतल्या फळीवर बाबांचे खिळे दिसत होते. दोन घावांत बसलेले, सरळ. पेटी कुठेच चेपलेली नव्हती.

“आपटली असेल,” ती म्हणाली.

“मग तूच ठरव. संध्याकाळपर्यंत सांग.”

ती टेबलाशी येऊन बसली. लेक उठली होती; पदराआड घेऊन तिला पाजता पाजता ती बाबांकडे बघत राहिली. ते पाठमोरे रंधा मारत होते. तिने हळूच हाक मारली, “बाबा.” मग जरा मोठ्याने, “बाबा!” रंधा चालतच राहिला. रंध्याच्या आवाजात कुणालाही ऐकू आलं नसतं, असं तिने स्वतःला समजावलं. मग बाबांनी रंधा खाली ठेवला आणि फळीवरून हात फिरवू लागले. गोदामात चिडीचूप. “बाबा,” ती म्हणाली. ते फळी कुरवाळत राहिले.

लेकीने मात्र दूध सोडून मान वळवली.

माल पेट्यांतून गेला, तर प्रत्येक पेटीला बाबा कान लावणार, आणि प्रत्येक वेळी तिला काहीतरी आत पडल्याचं सोंग आणावं लागणार. किती वेळा? आणि जी पेटी ती रजेवर असताना भरली जाईल, तिचं काय? आज मालकांनी तिला विचारलं, उद्या ते बाबांनाच विचारतील. चारचौघांत. “पेटी वाजत होती, ऐकू नाही आलं?”

पुठ्ठ्याच्या खोक्याला कुणी कान लावत नाही.

संध्याकाळी तिने मालकांना सांगितलं, “पार्सलने. ही, आणि यापुढच्या मधल्याही.”

बाबांना सांगायला ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“पुठ्ठा?” बाबा म्हणाले. “चाळीस हंड्या पुठ्ठ्यात? म्हणजे पाहुण्याला छत्रीखाली झोपवायचं!”

“त्या माणसाला बंदरावर जाऊन माल सोडवायला जमत नाही, बाबा. पार्सल दारात जातं.”

“आजवर जमत होतं ते?” त्यांनी तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. “कुणी ठरवलं? मालकांनी?”

“मी.”

“पेटीत काही खोट निघाली?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मला बरं वाटलं ते.”

“बरं वाटलं! साडी घेतेयस का?” ते वळले. “ठीक आहे. साहेबीण झालीस. आम्ही काय, लाकूडतोडे.”

चिडू देत. माझ्यावर चिडू देत, ती मनाशी म्हणाली. तेवढं मला झेपेल.

चार दिवस ते तिच्याशी कामापुरतं बोलले. खोकी आली, तिने आणि पुढच्या अंगाच्या दोघा बायकांनी भरली, चिकटपट्टी फर्रफर्र लावली. बाबा लांब स्टुलावर बसून होते. शेवटचं खोकं गाडीत चढायच्या आधी उठले, जवळ आले. तिला वाटलं, आता कान लावतील. त्यांनी फक्त तळहात ठेवला, क्षणभर, आणि काढून घेतला. मग जाऊन हातोडी पुसली, खिळ्यांचा डबा बंद केला, रंध्याचं पातं काढून फडक्यात गुंडाळलं.

त्या संध्याकाळी घरी ती ओट्याशी होती. दाराच्या फटीतून बाहेरची खोली दिसत होती. बाबा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, मागे हाताशी गोदामातून घरी आणलेली लेकीची पेटी. लेक झोपेत चाळवली, कुरकुरली, मग तिने भोकाड पसरलं. बाबांची पाठ हलली नाही. ती हात पुसत धावणार, इतक्यात तिला त्यांचा हात दिसला. पेटीच्या कडेवर तळवा पालथा पडला होता, कधीपासून कोण जाणे. बोटं जरा ताठ झाली. मग मान न वळवता ते पेटी झुलवू लागले. लेकीचं रडणं उतरत गेलं, तसा हातही मंद होत गेला, आणि ती गप्प झाली तेव्हा थांबला.

ती दारातच उभी राहिली. खिडकीच्या काचेत तिची सावली दिसली असावी.

“दोन्ही हातमोजे तुझ्या खिशातच होते गं,” बाबा म्हणाले. “त्या दिवशी.”

ती मागून काहीतरी बोलली. मग भानावर येऊन वळसा घालून त्यांच्या समोर आली, जमिनीवर बसली. बाबांनी बोटं सरकवून फळीवर थोडी जागा केली. तिने आपला तळवा तिथे टेकवला.

लाकडातून लेकीचा श्वास येत होता. वर, खाली.