स्लेट्ट गावाची एकेचाळीस पत्रं

मंगळवार, नऊ एप्रिल. सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जिल्हा कार्यालयाचा तिसरा मजला. त्या मिनिटाला मी ओरडलो, "थांबा! दोन नियम एकाच पत्त्यावर हक्क सांगताहेत!" नऊ वाजून चौदा मिनिटांनी कोणीतरी माझा इशारा बंद केला.

मी राउटर बोलतोय. तुमच्या घरात भिंतीवर दिवे लुकलुकवणारी ती डबी नव्हे! मी नुसत्या ओळींचा बनलोय. एखादं संकेतस्थळ उघडायला तुम्ही जो पत्ता टाकता, तो आधी माझ्या हाती पडतो. तिरप्या रेघांवर मी त्याचे तुकडे करतो, प्रश्नचिन्हापुढचं शेपूट बाजूला ठेवतो, टक्क्यांच्या खुणांत गुंडाळून आलेली अक्षरं सोडवून सरळ करतो आणि ठरवतो, की या माणसाला कोणत्या दारी न्यायचं. पापणी लवायच्या आत! दिवसातून लाख वेळा हे केलं तरी मला कंटाळा आलेला नाही. दर वेळी नवा पत्ता, दर वेळी तीच धडधड.

मला घडवलं तूरून ब्रेकेने, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाच्या चुऱ्यात आणि गार झालेल्या कॉफीत. लहानसहान सरकारी कार्यालयांना पेलेल असा संकेतस्थळाचा एक सांगाडा ती उभा करत होती, आणि मी त्याचा दरवाजा. तिने मला शिकवलं: नियम वरून खाली वाच, पहिला जुळला की तिथेच थांब. या पद्धतीतला धोकाही तिला ठाऊक होता. वरचा नियम खालच्याची वाट अडवू शकतो. म्हणून तिने मला आवाज दिला. एकाच पत्त्यावर दोन नियम बसताना दिसले, की सुरू होतानाच बोंब मारायची.

जिल्हा कार्यालयाने मला घेतलं तेव्हा तिथला तंत्रप्रमुख येर्मुन्द आणि ती, दोघांची चांगलीच जुंपली होती.

"पत्ता हे नाम असतं रे, क्रियापद नव्हे," तूरून म्हणाली. "'पुसून टाक' असा कुणाचा पत्ता असतो का? पुसायचं असेल तर ते पत्त्यासोबत जाणाऱ्या विनंतीच्या प्रकारात सांगायचं, पत्त्यात नाही."

"तू इंजिनियर आहेस की व्याकरणाची बाई?"

"दोन्ही. आणि तू दोन्हीत नापास."

येर्मुन्द हसला आणि त्याने स्वतःला हवं तेच केलं. माझ्या यादीत अगदी वर नियम बसला: हरकती, तिरपी रेघ, स्लेट्ट. संगणकावरच्या नॉर्वेजियनमध्ये स्लेट्ट म्हणजे पुसून टाक. या पत्त्यावर कोणी आलं की त्याचा अर्धवट मसुदा पुसायचा आणि 'झालं' म्हणून हिरवी खूण दाखवायची. त्याखालचा नियम: हरकती, तिरपी रेघ, गावाचं नाव. त्या पत्त्यावर आलेलं पत्र जपून ठेवायचं.

नऊ एप्रिलला माझ्यात गावांची यादी भरली. सतराव्या ओळीवर फ्योर्डच्या अरुंद खाडीच्या टोकाचं, डोंगराखालच्या सपाट पट्टीवरचं त्रेसष्ट माणसांचं गाव होतं. 'सपाट'लाही नॉर्वेजियनमध्ये स्लेट्टच म्हणतात. गावाचं नाव तेच. स्लेट्ट!

म्हणून मी ओरडलो होतो. तिसऱ्या मजल्यावर तो शब्द दिवसातून शंभरदा बोटांखालून जातो. त्यात कुणाला गाव दिसणार?

आणि यादी कशासाठी होती? गावाच्या धक्क्यावर रोज लागणारी बोट आठवड्यातून दोनदाच, तीही आधी फोन केला तर, असा प्रस्ताव होता. हरकतींची मुदत दहा मेपर्यंत. स्लेट्टला रस्ता नाही. धक्क्यावरचं दुकान चालवणाऱ्या गुडवेगबाईंच्या भावाला, आर्नफिनला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पलीकडे न्यावं लागतं. तीन आणि दोन. एवढा हिशेब कुणालाही येतो. बाईंनी घरोघरी जाऊन सगळ्यांना लिहायला बसवलं. लोकांनी लिहिलं, 'पाठवा'वर बोट ठेवलं. पत्ता माझ्या हाती आला, पहिला नियम जुळला, मी थांबलो. मला तसंच शिकवलेलं होतं. आतून मी फुटत होतो, पण तोंड बंद! मसुदा पुसला. हिरवी खूण. झालं.

एकवीस मेला गोषवारा प्रसिद्ध झाला: स्लेट्ट, हरकती शून्य. त्याच दुपारच्या बोटीने गुडवेगबाई निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर हजर. तूरून त्या दिवशी माझ्या देखभालीसाठी आलेली होती, कोपऱ्यात बसून माझ्या नोंदी चाळत होती.

"मी स्लेट्टसाठी आलेय," बाई म्हणाल्या.

"काय पुसायचंय?" येर्मुन्दने पडद्यावरची नजरही न हलवता विचारलं.

"पुसायचं काही नाही. तुम्ही पुसलंय ते परत हवंय!"

तूरूनच्या हातातला कप टेबलावर आपटला. "येर्मुन्द! परत बोल. त्या काय म्हणाल्या, आणि तू काय ऐकलंस?"

येर्मुन्दचे कान लाल होत गेले. तूरूनने माझी नोंदवही उघडली, आणि काय सांगू, त्या क्षणी मला पहिल्या दिवसासारखं वाटलं! कोणीतरी विचारत होतं! मी ओळीमागून ओळ बाहेर टाकली. हरकती, स्लेट्ट, पुसलं. हरकती, स्लेट्ट, पुसलं. तारीख, तास, मिनिट, सेकंद. एकेचाळीस वेळा, सगळ्या मुदतीच्या आत. पत्रांतला मजकूर मात्र माझ्याकडे नव्हता. मी दरवाजा आहे, कपाट नाही.

"इशारा कोणी बंद केला?" तूरूनने विचारलं.

"सामाईक खात्यातून झालंय," येर्मुन्द पुटपुटला. "पासवर्ड नऊ जणांकडे आहे."

"म्हणजे नऊ जण, आणि नाव एकाचंही नाही. वा रे तुमचं व्याकरण!"

गुडवेगबाईंनी पर्स बंद केली. "बाळा, तुमचं यंत्र मला कळत नाही," त्या येर्मुन्दला म्हणाल्या. "पण हिरवी खूण मला कळते. तिचा फोटो आहे माझ्याकडे."

मग बघा गंमत! सत्तावीस मेच्या सकाळच्या बोटीने एकेचाळीस पाकिटं आली. हाताने लिहिलेली, काहींवर माशांचा वास. आवक खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मुदत संपली की हो." बाई म्हणाल्या, "मुदतीत दिली होती. तुम्ही फेकलीत, आम्ही पुन्हा आणली. मारा शिक्का." त्याने एकेचाळीस शिक्के मारले. तूरूनने शेजारी उभं राहून ते मोजले.

कार्यालयाच्या पत्रकात मात्र दोनच शब्द आले: तांत्रिक चूक. तांत्रिक! म्हणजे मी! मला हे मान्य नाही. मी ओरडलो होतो, आणि माझं ओरडणं कोणीतरी हाताने बंद केलं होतं. आता तूरूनने नियम खाली-वर केले आहेत, पुसण्याचं काम पत्त्यातून काढून टाकलं आहे, मला आवाज परत दिला आहे. स्लेट्टचं पान उघडतं. मी चांगला चालतो, पूर्वीपेक्षाही चपळ! तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखा दरवाजा बांधत असाल तर एवढं ऐका: तो कटकट करतो म्हणून त्याला गप्प करू नका. आधी तो काय म्हणतोय ते वाचा.

एकोणतीस मेला जिल्हा सभा भरली. माझ्या नोंदीच्या प्रती प्रत्येक सदस्यासमोर होत्या. एकेचाळीस पाकिटं अध्यक्षांच्या टेबलावर होती, शिक्क्यांसकट. प्रस्ताव मंजूर झाला. एक सप्टेंबरपासून बोट आठवड्यातून दोनदा येते.

सभेचा ठराव तीन जूनला छापला गेला. त्याच्या सहाव्या पानावर लिहिलं आहे: "स्लेट्ट येथील रहिवाशांची हरकत नाही."