राजनंदिनीची ओळ कोण उचलणार

आमच्या ह्यांच्या संगीताला मी पहिल्या दिवसापासून नावं ठेवत आलेय, ते आधीच सांगून टाकते. हे, म्हणजे गहिनीनाथ, पुणतांब्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतात आणि फावल्या वेळात कॉम्प्युटरवर संगीत करतात. त्याला अँबियंट म्हणतात म्हणे. ताल नाही, शब्द नाहीत, नुसते सूर पसरत राहतात. "फ्रीज बिघडलाय का बघा," असं मी एकदा मुद्दाम म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाई साळूबाईंनी, डायलिसिस बंद करायचं ठरवलं तेव्हा ह्याच संगीताने त्यांना परत खुर्चीत बसवलं. आठवड्यातून तीनदा शिर्डीला जायचं, दर खेपेला चार तास. "त्या यंत्राची घरघर ऐकत पडन्यापरीस मी घरीच मरंन," असं त्या सरळ म्हणाल्या. एकही खेप चुकवू नका, म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. ह्यांनी काय केलं, यंत्राची घरघर मोबाईलवर रेकॉर्ड करून आणली, तिच्याच पट्टीत सूर बांधले आणि हेडफोन आईच्या कानाला लावला. घरघर त्या सुरात विरघळून गेली. आत्या तासभर डोळे मिटून पडल्या. मी बाहेर बाकावर बसून रडले, खोटं कशाला बोलू.

मग ह्यांच्या डोक्यात अल्बमचं खूळ शिरलं. पुण्याच्या एका जाणकार मित्राने ऐकून सांगितलं, सगळं छान आहे, पण यात माणूस नाही, एखादा आवाज घाल. तेव्हा नगरहून राजनंदिनी नावाची मुलगी गायला आली. शब्द नाहीत, नुसता आलाप. एक ओळ म्हणायची, थांबायची, तिचाच आवाज लांबून घुमत परत यायचा, मग पुढची ओळ. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. "आता याला गाणं म्हणता येईल," असं मी पहिल्यांदा कबूल केलं आणि ह्यांची कळी खुलली.

सोमवारी तेच आत्यांना ऐकवलं. दहा मिनिटांत त्या अस्वस्थ झाल्या, रक्तदाब वाढला, नर्स धावत आली. हेडफोन काढून त्यांनी उशाला ठेवला आणि उरलेला वेळ छताकडे बघत काढला. घरी आल्यावर म्हणाल्या, "बुधवारी मी यायची न्हाई."

आवाजाचा त्रास झाला असणार, असं ह्यांनी धरलं आणि मन मारून राजनंदिनीला अल्बममधून काढून टाकलं. मंगळवारी सकाळी ओसरीवर आत्यांना परत ऐकवलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"ती बाई कुठं गेली?"

"काढली, आई. तुला त्रास होत होता ना."

"तिचा कसला तरास? बिचारी ओळ म्हणून थांबती आन कुनी उचलीतच न्हाई. आपलं गानं आपुनच ऐकत बसती. आता तर तू तिला हाकलूनच दिली."

ह्यांना त्यातलं काहीच उमगलं नाही. माझ्या मात्र लख्ख ध्यानात आलं. आत्या तीस वर्षं गावच्या महिला भजनी मंडळात बसल्यात. तिथे पुढची बाई ओळ म्हणून थांबली की मागच्यांनी तीच ओळ म्हणून उचलायचीच. न उचलणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला पाणीही न विचारणं. तिकडे खुर्चीत पडल्या पडल्या आत्या प्रत्येक ओळ उचलायला बघत होत्या आणि दम पुरत नव्हता.

"आत्या, उद्याच्या दिवस चला," मी म्हटलं. "नाही पटलं तर शुक्रवारचं नाव काढणार नाही." डॉक्टरांचं बजावणं बोलून गेल्यावर आठवलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस.

ह्यांनी राजनंदिनीला पुन्हा जागेवर बसवलं, पण ओळ उचलणार कोण? मंडळातल्या बायका सगळ्या कांदे लावायला रानात. हे माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे बघू नका," मी म्हटलं. लग्नात मी उखाणा घेतला तेव्हा मंडपवाल्याने उठून माईक तपासला होता, इतका माझा आवाज गोड. पण दुसरं होतं कोण? दुकानाचं शटर ओढून मला स्टुलावर बसवलं. राजनंदिनी नितळ गायची आणि तिच्यामागे मी गाडी ढकलत असल्यासारखी. नऊ वेळा गायले. पुण्याच्या मित्राला पाठवलं, तर त्याचा लगेच निरोप आला, दुसरा आवाज काढ, अल्बम बिघडतोय. "बिघडू दे," असं ह्यांनी त्याला लिहिलं. तेवढ्यासाठी मी ह्यांचे मागचे सगळे गुन्हे माफ केले.

बुधवारी खुर्चीत आत्यांना सुया टोचल्या, यंत्र सुरू झालं. मी हेडफोन लावला आणि शेजारी उभी राहिले. राजनंदिनीची पहिली ओळ संपली असणार, तोच आत्यांनी खाडकन डोळे उघडले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. आता नर्सला हाक मारावी लागते, असं मला वाटलं.

"पंकजा, ही तूच ना?"

"हो, आत्या."

"लई बेसूर गाती गं तू."

मी मान खाली घातली. त्यांनी सुई नसलेला हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"पर सोडलं न्हाईस तिला एकटीला," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. झोपल्या असं समजून मी हात सोडवायला लागले, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "शुक्रवारी पुढची ओळ जरा खालच्या पट्टीत घे. मी शिकवते तुला."